दुसरी संधि : एका अत्तराच्या नकलेची हकीकत

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत अमेरिकेंतील फिरत्या विक्रेत्यांसाठीं निघणाऱ्या एका धंदेवाईक मासिकांत एक जाहिरात आली होती. माल होता 'सेकंड चान्स', म्हणजे 'दुसरी संधि', या नांवाचें अत्तर. किंमत सात डॉलर. पंचवीस डॉलरांचें 'शॅनेल नंबर ५' आणि आमचें हें सात डॉलरांचें अत्तर यांत कोणास फरक ओळखतां येत असेल तर त्यानें तो ओळखून दाखवावा, असें आव्हान त्या जाहिरातींत दिलेलें होतें. गिऱ्हाईक शंकेखोर निघाल्यास त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दोन्ही अत्तरें हुंगावयास द्यावीं, असा सल्लाहि विक्रेत्यांस होता. मागणीच्या छापील तक्त्यावर प्रत्येक मालाच्या नांवाखालीं, तो ज्या बड्या अत्तराचें प्रतिरूप म्हणून काढलेला असे त्याचें नांव कंसांत दिलेलें होतें. बाटलीवर अगर वेष्टनावर मात्र शॅनेलचें नांव कोठेंहि नव्हतें.

शॅनेल कंपनी अर्थातच न्यायालयांत गेली. खालच्या न्यायालयानें तिच्या अत्तराचें नांव घेण्याची प्रतिवादीस तात्पुरती मनाई केली. परंतु १९६८ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती मनाई उठविली. त्या निकालांतील विचारसरणी सरळ आहे. अत्तराचें पेटंट घेतलेलें नाहीं, तेव्हां त्याची नक्कल करण्यास कोणासहि मोकळीक आहे. नक्कल करण्याचा हक्क एकदां मान्य केला, तर ती कशाची नक्कल आहे हें गिऱ्हाइकास खरेंखुरें सांगण्याचा हक्कहि मानावा लागतो. नाहींतर पहिल्या हक्काला कांहीं अर्थच उरत नाहीं. एखाद्या नांवामागें पुष्कळ पैसा ओतला एवढ्यानें त्या नांवाभोंवतीं कायद्याचें कुंपण उभें राहत नाहीं, असेंहि न्यायमूर्तींनीं बजावलें. मात्र या निकालांत एक 'जर' दडलेला होता. दोन्ही अत्तरें खरोखरच सारखीं आहेत असें त्या टप्प्यावर न्यायालयानें गृहीत धरलें होतें. तीं सारखीं आहेत कीं नाहींत, हा प्रश्न पुढील चौकशीकडे सोपविला गेला. आणि आमच्या मतें साऱ्या प्रकरणांत खरा रस या प्रश्नांतच आहे. कारण स्वस्त जोड घेणाऱ्या सामान्य गृहस्थाला कायद्याशीं फारसें कर्तव्य नसतें. त्याला एवढेंच हवें असतें कीं, आपण जें घेतों तें 'तेंच' आहे काय?

पण 'तेंच' म्हणजे कोणतें? मूळ अत्तराची कुळकथा पाहिली तर या प्रश्नाची अडचण ध्यानांत येते. 'नंबर ५' हें १९२१ सालीं निघालें. तें घडविणारा अर्नेस्ट बो हा जन्मानें मॉस्कोचा, आणि रशियांतील राले या प्रसिद्ध अत्तरांच्या पेढींत तयार झालेला. रशियांत क्रांति झाल्यावर तो फ्रान्सांत आला. वस्त्रकलेंत नांव मिळविलेल्या गाब्रिएल शॅनेल या बाईंपुढें त्यानें दहा नमुने ठेवले, एक ते पांच आणि वीस ते चोवीस; त्यांतून बाईंनीं पांचवा निवडला, असें पुढें त्यानेंच सांगितलें आहे. हें अत्तर आकाशांतून पडलें नव्हतें. रालेकडे असतांना बोनें केलेल्या 'राले नंबर १' या अत्तराशीं त्याचें जवळचें नातें आहे, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या रासायनिक पृथक्करणावरून दिसून आलें. ज्या आल्डिहाइड नांवाच्या द्रव्यांमुळें 'नंबर ५'चा बोलबाला झाला, तीं द्रव्येंहि त्यापूर्वीं वापरलीं गेलीं होतीं. १९१२ सालच्या उबिगां या पेढीच्या 'केल्क फ्लर'मध्यें तीं आढळतात. बोनें तीं धीटपणें, भरपूर प्रमाणांत घातलीं, ही त्याची करामत. मेणबत्ती विझविल्यावर क्षणभर जो थंडसर, मेणासारखा वास येतो, तसा कांहींसा या द्रव्यांचा वास असतो; मोगऱ्याच्या जातीचें जाईजुईचें दाट माधुर्य त्यानें एकदम हलकें व उजळ होतें.

पुढची हकीकत तर याहूनहि चमत्कारिक आहे. १९२४ सालीं अत्तरांच्या धंद्यासाठीं स्वतंत्र कंपनी निघाली, तींत बाईंचा वांटा शेंकडा दहाच होता. मोठा वांटा पिएर व पॉल वर्थाइमर या बंधूंचा. या कराराची सल बाईंच्या मनांत कायम राहिली. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत असतां, ज्यूंची मालमत्ता हिरावून घेणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन ही कंपनी आपल्या हातीं यावी अशी खटपट त्यांनीं १९४१ सालीं केली. वर्थाइमरांनीं आधींच कंपनी एका ख्रिस्ती मित्राच्या नांवें करून ठेविली होती, म्हणून तो डाव फसला. हा प्रसंग केवळ व्यापारी चढाओढीचा नव्हे, लांच्छनास्पद आहे, असें आम्हांस वाटतें; आणि शॅनेलच्या चरित्रांत तो हळूच एखाद्या ओळींत गुंडाळला जातो याचें नवल वाटतें. युद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, बाईंनीं दुसरा उपाय योजला. स्वित्झर्लंडमध्यें अत्तरें करवून त्यांनीं तीं 'मादमॉझेल शॅनेल' या नांवानें, तांबड्या चिठ्ठीच्या बाटल्यांतून विकण्यास आरंभ केला. म्हणजे 'नंबर ५'ला प्रतिस्पर्धी उभा केला तो खुद्द शॅनेलबाईंनीं! खरें कोणतें, नक्कल कोणती? ज्या कंपनीच्या पेटींत कृति होती तिचें खरें, कीं जिचें नांव बाटलीवर होतें त्या बाईचें? १९४७ सालीं समेट झाला. विक्रीवर शेंकडा दोन एवढा हिस्सा बाईंस मिळाला, आणि तांबड्या चिठ्ठीच्या बाटल्या बाजारांतून गेल्या.

आतां डोळ्यांवरील पट्टीच्या परीक्षेकडे वळूं. ही परीक्षा दिसावयास अगदीं निःपक्षपाती. नांव नाहीं, बाटली नाहीं, किंमत नाहीं, नुसतें नाक. पण ती नेमकी नकलेच्या सोयीची आहे. अत्तर ही एकदांच कळणारी वस्तु नव्हे; तिला गाण्याप्रमाणें काळ लागतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उडून जाणारे लिंबूवर्गी व आल्डिहाइडी वास वेगळे, नंतर दोन-तीन तास राहणारें फुलांचें अंग वेगळें, आणि शेवटीं कातडीला वा कापडाला चिकटून राहणारें चंदन, वाळा, व्हॅनिला, कस्तुरी यांचें तळचें अंग वेगळें. यांपैकीं पहिलें अंग स्वस्तांत साधतें. तीं द्रव्यें कारखान्यांत मुबलक तयार होतात. महाग आहे तें मधलें आणि शेवटचें. फ्रान्सच्या दक्षिणेस ग्रास गांवच्या परिसरांत जी जाई होते ती पहांटेपासून हातानें खुडावी लागते. एक किलो भरण्यास आठ-दहा हजार फुलें लागतात, आणि अशा कित्येक शेंकडा किलो फुलांतून एक किलो अर्क निघतो. हीं फुलें मिळत राहावीं म्हणून शॅनेल कंपनीनें १९८७ पासून तेथील एका शेतकरी कुटुंबाशीं कायमचा करार करून ठेविला आहे. तेव्हां नकलकार काटकसर करणार ती येथें. दारांत उभें राहून दोन मिनिटांत घेतलेली परीक्षा फक्त दिवाणखान्याची होते, माजघराची नव्हे.

शिवाय नाक लवकर थकतें. दोन्ही बाटल्या लागोपाठ हुंगल्या कीं पहिल्या वासानें बधिर झालेलें नाक दुसऱ्यांत फरक काढूं शकत नाहीं, आणि विक्रेता म्हणतो, पाहा, सारखेंच! याहूनहि सूक्ष्म अडचण माणसामाणसांतील भेदाची आहे. कृत्रिम कस्तुरीचे कांहीं प्रकार पुष्कळ लोकांना मुळींच हुंगतां येत नाहींत. नाक सर्व बाबतींत धडधाकट असतें, पण तेवढ्या एका वासापुरतें आंधळें. अशा गृहस्थापुढें दोन अत्तरें ठेविलीं, त्यांत फरक केवळ कस्तुरीचा असला, तर तो प्रामाणिकपणें दोन्ही एकच म्हणेल. शेजारीं बसलेल्या त्याच्या पत्नीला तो फरक ढळढळीत जाणवेल. दोघांपैकीं खोटें कोणीच बोलत नाहीं.

आम्हीं हा प्रयोग घरीं करून पाहिला. एका आप्तांकडून मूळ अत्तराची अर्धीमुर्धी बाटली मागून आणली, आणि शहरांतील एका दुकानांतून 'अगदीं तेंच' म्हणून दिलेली नक्कल विकत घेतली. डोळे बांधून पांच जणांस हुंगविलें. दोघांनीं नकलेलाच मूळ ठरविलें, एकानें दोन्ही सारखीं म्हटलीं. विक्रेता तेथें असता तर खुष झाला असता. मग दोन स्वच्छ रुमालांवर दोन थेंब टाकून रुमाल निरनिराळ्या खोल्यांत ठेविले. संध्याकाळीं नकलेचा रुमाल साबणासारखा गोड येत होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यावर एक उग्र, सपाट गोडी तेवढी उरली होती. मुळाचा रुमाल मंद झाला होता, पण त्यांत फुलें होतीं, लांकूड होतें, आणि त्यांखालीं कांहींतरी उबदार, अंगाच्या वासासारखें होतें. आमच्या घरांतील वडील मंडळींनीं, ज्यांना शॅनेल म्हणजे काय हें ठाऊकहि नाहीं, दुसरा रुमाल उचलून 'हें बरें आहे' म्हटलें. पांच माणसांचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे. आणि न्यायानें सांगावयाचें तर नक्कल मुळाच्या किंमतीच्या फार लहान अंशांत मिळाली होती. लग्नसमारंभाच्या दोन तासांपुरती ती कोणास पुरे वाटली तर त्यास आम्ही हंसणार नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, दुकानदारानें 'बऱ्याच अंशीं तसें' न म्हणतां 'अगदीं तेंच' म्हटलें.

नकलेची व पारखेची ही जोडी आपल्याकडेहि जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ति' नांवाचा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार चार निवडून त्यांचीं प्रमाणें पालटीत गेल्यास १,७४,७२० गंध होतात असा हिशोब त्यांत मांडिला आहे. आणि त्याच अध्यायांत मंजिष्ठा, व्याघ्रनख, दालचिनी, कोष्ठ इत्यादि द्रव्यें तेलांत घालून उन्हांत तापविलीं असतां चाफ्याच्या वासाचें तेल होतें, अशी कृति आहे. चाफ्याच्या तेलांत चाफा नाहीं! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे दोन अज्ञात ग्रंथ उजेडांत आणले. त्यांतील 'गंधवादा'वर जुनी मराठी टीका आहे, आणि तिचा काळ गोड्यांनीं १३५० ते १५५० यांच्या दरम्यान धरिला आहे. म्हणजे सुगंध कसे जोडावे याची चर्चा मराठी भाषेंत निदान चारशें-पांचशें वर्षांची आहे, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच माहीत असेल.

युरोपांत नकलेला खरें बळ दिलें तें रसायनशास्त्रानें. १८८८ सालीं आल्बर्ट बाउर हा स्फोटक द्रव्यांवर काम करीत असतां त्याच्या हातीं कस्तुरीच्या वासाचा पदार्थ लागला. हरणाच्या नाभीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. या कृत्रिम कस्तुरीच्या वर्गांतील द्रव्येंच पुढें बड्या अत्तरांतहि गेलीं, 'नंबर ५' देखील त्यास अपवाद नव्हतें. म्हणून 'मुळांत सारें अस्सल, नकलेंत सारें कारखान्याचें' ही जी लोकसमजूत आहे ती चुकीची होय. भेद आहे तो प्रमाणाचा आणि जोडणीचा. १९५२ सालीं जेम्स व मार्टिन यांनीं गॅस क्रोमॅटोग्राफीची पद्धत जगापुढें मांडली, तेव्हां तर कुलपाची किल्लीच सांपडल्यासारखें झालें. अत्तराची वाफ एका लांब नळींतून नेली असतां तींतील एकेक द्रव्य निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतें, आणि कागदावर त्यांचीं शिखरें उमटतात. त्यापूर्वीं नकलकारास आपल्या नाकावर विसंबावें लागे. आतां त्यास मुळाच्या घटकांची यादीच मिळूं लागली. परंतु यादी म्हणजे अत्तर नव्हे. एका गुलाबाच्या तेलांत शेंकड्यांनीं घटक असतात, आणि त्यांतील बीटा-डॅमॅसेनोन नांवाचा एक घटक शेंकडा एकाहूनहि पुष्कळ कमी असून गुलाबाच्या वासाचा मोठा भाग पेलतो. तें बारीक शिखर नजरेंतून सुटलें कीं नक्कल कागदावर सारखी आणि नाकाला वेगळी.

'दुसऱ्या संधी'चें काय झालें तें आतां सांगतां येईल. १९६८ च्या निकालानंतर प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेलें. पुराव्यांतीं, आपलें अत्तर शॅनेलच्या तोडीचें असल्याचा विक्रेत्याचा दावा खरा ठरला नाहीं. १९७३ सालीं त्यास मनाई झाली, आणि १९७६ सालीं ती वरच्या न्यायालयांत कायम राहिली. पहिल्या निकालाचें तत्त्व मात्र अबाधित राहिलें: खरें असेल तर बोला. हें तत्त्व आम्हांस पटतें. ज्याची ऐपत पंचवीसांची नाहीं त्याला सातांत काय मिळतें हें कळण्याचा अधिकार असावा, आणि सांगणारा खोटें बोलला तर त्यास दंड व्हावा. यापलीकडे कायद्यानें अत्तरांच्या भांडणांत पडूं नये.

अटलांटिकच्या अलीकडे मात्र न्यायदेवतेचें नाक एकसारखें चाललें नाहीं. २००६ सालच्या जून महिन्यांत तीन दिवसांच्या अंतरानें दोन सर्वोच्च न्यायालयांनीं परस्परविरुद्ध निकाल दिले. तारीख १३ रोजीं फ्रान्सच्या न्यायालयानें ठरविलें कीं, अत्तराचा सुगंध हा केवळ कारागिरीचा परिणाम आहे, त्यास साहित्यकृतीप्रमाणें संरक्षण नाहीं. तारीख १६ रोजीं हॉलंडच्या न्यायालयानें लांकोम पेढीच्या 'त्रेझोर' अत्तराच्या खटल्यांत नेमकें उलट सांगितलें: सुगंध ही ग्रंथकर्तृत्वासारखी निर्मिति होऊं शकते. तेथें प्रतिवादीच्या 'फीमेल ट्रेझर' या स्वस्त अत्तरांत, मुळांतील २६ सुगंधी घटकांपैकीं २४ सांपडले होते. अत्तरांची मायभूमि जी फ्रान्स तिनें सुगंधाला कारागिरी म्हणावें, आणि डचांनीं कला म्हणावें, हा विनोद इतिहासानेंच केला.

पुढचा निकाल अधिक गंभीर. बेल्यूर नांवाची कंपनी नामांकित अत्तरांसारख्या वासाचा स्वस्त माल विकी, आणि कोणतें अत्तर कशासारखें आहे याच्या तुलनेच्या याद्या व्यापाऱ्यांस पुरवी. लोरेआल कंपनीनें इंग्लंडांत दावा लाविला. तसा वास तयार करणें तेथें बेकायदा नव्हतें. परंतु २००९ च्या जूनमध्यें युरोपीय न्यायालयानें असें ठरविलें कीं, अशा याद्या म्हणजे दुसऱ्याच्या नांवलौकिकाचा गैरवाजवी फायदा घेणें होय. गिऱ्हाईक फसलें नसलें तरीहि. दुसऱ्या वर्षीं इंग्लंडच्या अपील न्यायालयांत लॉर्ड जस्टिस जेकब यांना तो निकाल नाइलाजानें लागू करावा लागला. माल कायदेशीर असतां त्याविषयीं खरें बोलण्यास मनाई करणें आपल्या मनास पटत नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोंत. खोटें बोलणाऱ्या 'दुसऱ्या संधी'ला अमेरिकेनें खोटेपणासाठीं गप्प केलें तें योग्य झालें. येथें खरेपणाच गप्प झाला. यांत नुकसान झालें तें नकलकाराचें नव्हे. 'बऱ्याच अंशीं तसें' असें छापण्याची सोय गेली, म्हणून दुकानांत कानांत कुजबुजलेलें 'अगदीं तेंच' कांहीं थांबत नाहीं. उलट तेंच एक उरतें, आणि तें पडताळून पाहण्यास गिऱ्हाइकाच्या हातीं कागद राहत नाहीं.

आणि एक गोष्ट राहिली. नकलेची तुलना ज्या मुळाशीं करावयाची तें मूळहि जागेवर उभें नाहीं. बाउरच्या वर्गांतील नायट्रो-कस्तुऱ्या विसाव्या शतकाच्या अखेरीस आरोग्याच्या कारणास्तव एकामागून एक बंद झाल्या किंवा मर्यादित झाल्या. झाडांवरील शेवाळाचे अर्क, प्राण्यांपासून मिळणारीं द्रव्यें, यांचीहि तीच वाट झाली. त्यामुळें सर्वच जुन्या पेढ्यांना आपल्याच अत्तरांच्या कृति पुनःपुन्हां जुळवून घ्याव्या लागल्या आहेत. आजीच्या पेटींतील बाटली आणि आज दुकानांत मिळणारी त्याच नांवाची बाटली, यांचे वास एकच असतील असें धरून चालतां येत नाहीं. फ्रान्समध्यें व्हर्सायला १९९० सालीं 'ऑस्मोथेक' नांवाचा सुगंधांचा संग्रह स्थापन झाला आहे. तेथें लोपलेलीं व बदललेलीं अत्तरें शक्य तितक्या मूळ कृतींप्रमाणें करून, आर्गॉन वायूच्या आवरणाखालीं, बारा अंशांच्या थंडाव्यांत, अंधारांत ठेवितात. जाणाऱ्यास तीं कागदाच्या पट्टीवर हुंगावयास मिळतात. विकत मिळत नाहींत.